सोलच्या कॉलेज गल्ल्यांत खाताना-पिताना

सोलला शिकायला निघालेल्या मुलांचे पालक, रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कंपन्यांतून प्रशिक्षणासाठी जाणारे इंजिनिअर आणि के-ड्रामा बघून तिकीट काढलेली तरुण मंडळी, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. होंगडेला, म्हणजे होंगिक विद्यापीठाच्या परिसरात, जेवायला गेलो तर शाकाहारी काही मिळेल का? बीफ आहे की नाही, हे कसं ओळखायचं? एकट्या माणसाला बसू देत नाहीत, हे खरं का? आणि सिनिअरने सोजू या कोरियन दारूचा ग्लास पुढे केला तर नको म्हणता येतं का?

या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि त्यातली बहुतेक टेबलावर बसण्याआधीच मिळवायची आहेत. टेबलातल्या शेगडीत निखारे येऊन पडले, तोंडीलावण्याच्या वाट्या मांडल्या गेल्या, की उठून जाणं अवघड होतं. मग समोर आलेलं निमूट खावं लागतं, नाहीतर पैसे देऊन उपाशी बाहेर पडावं लागतं.

नेमकं कुठे जायचं?

सोल मेट्रोच्या लाईन २ वर इह्वा विमेन्स युनिव्हर्सिटी, शिनचोन आणि होंगिक युनिव्हर्सिटी ही तीन स्टेशनं ओळीने लागतात. योन्से, इह्वा, सोगांग आणि होंगिक अशी चार विद्यापीठं एवढ्याशा पट्ट्यात आहेत, त्यामुळे संध्याकाळी सहानंतर इथल्या गल्ल्या विद्यार्थ्यांनी भरून वाहतात. इंचन विमानतळावरून येणारी रेल्वे थेट होंगिक स्टेशनला येते, म्हणून परदेशी पाहुणे आधी होंगडेतच उतरतात. माझा सल्ला असा, की पहिल्या दिवशी होंगडेत फिरा, रस्त्यावरचं गाणं-बजावणं बघा, पण जेवायला एक स्टेशन मागे शिनचोनला या. तिथे रोज जेवणारी मुलं जास्त आणि पर्यटक कमी, त्यामुळे दर आवाक्यात असतात. शांतपणे कॉफी घेत बसायचं असेल तर होंगिक स्टेशनच्या पलीकडचं योन्नाम-दोंग बरं.

वाट शोधायला गुगल मॅप्सवर विसंबू नका. कोरियात ते पायी चालण्याचा रस्ता नीट दाखवत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप फोनमध्ये घालून घ्या, आणि पाट्या वाचायला पापागो हे भाषांतराचं अ‍ॅप.

दुकानांचे ढोबळ प्रकार ओळखता आले, की निम्मी निवड तिथेच होते:

- पुनशिक: तोकबोक्की (तिखट रश्शातल्या तांदळाच्या कांड्या), किमबाप (शेवाळात गुंडाळलेला भात), राम्यन (नूडल्स) मिळणारी छोटी, स्वस्त दुकानं. एकट्यासाठी उत्तम.
- कोगीजिप: टेबलावर मांस भाजून खाण्याची जागा. शाकाहाऱ्यांनी इथे जाऊ नये.
- छिकन-होफ: तळलेलं चिकन आणि बिअर. ताटात काय आहे ते उघड दिसतं, त्यामुळे बीफ-पोर्क टाळणाऱ्यांना सोयीचं.
- पोछा: रात्री उशिरापर्यंत चालणारा गुत्ता. होंगडेतले काही पोछा अनोळखी मुला-मुलींनी एकमेकांच्या टेबलावर जाऊन ओळख काढण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. शांतपणे बोलत बसायचं असेल तर बाहेरची रांग आणि आतला गोंगाट बघूनच पुढचं दार गाठा.
- जोन आणि माकगोलीची दुकानं: जोन म्हणजे तव्यावर परतलेली धिरडी आणि माकगोली म्हणजे तांदळाची पांढरट, गढूळ दारू. पाऊस सुरू झाला की आपल्याला भजी आठवतात, तसं कोरियन माणसाला हे दोन्ही आठवतं. पावसाच्या संध्याकाळी इथे जागा मिळणं कठीण.

बसण्याआधी काय विचाराल?

एकट्याला हाकलून देतात, हे अर्धसत्य आहे. भाजायचं मांस, एकत्र शिजवायचा मोठा रस्सा, ताकगाल्बी (परतलेलं तिखट चिकन) अशा पदार्थांना अनेक ठिकाणी ‘किमान दोन माणसांचं’ अशी अट असते. म्हणजे तुम्ही बसू शकता, पण पैसे दोघांचे द्यावे लागतात. दारातच एक बोट वर करून ‘होंजा’ म्हणजे ‘एकटा’ म्हणा. मान हलली तर आत जा. पुनशिक, किमबापची दुकानं, बिबिमबाप (भाज्या आणि चटणी कालवून खायचा भात) आणि वाडगाभर भात-रस्सा देणाऱ्या जागा एकट्याला आनंदाने घेतात.

दुसरी गोष्ट वेळेची. बरीच दुकानं दुपारी तीन ते पाचच्या सुमारास बंद ठेवतात. रात्री दुकान बंद होण्याच्या बऱ्याच आधी शेवटची ऑर्डर घेतात.

तिसरी, पैसे देण्याची पद्धत. स्वस्त दुकानांत दाराशीच मशीन असतं आणि तिथे आधी पैसे भरावे लागतात. भाषा इंग्रजी करण्याचं बटण बहुधा कोपऱ्यात असतं. पहिला प्रश्न ‘मेजांग’ की ‘पोजांग’ असा येतो. मेजांग म्हणजे इथेच बसून, पोजांग म्हणजे पार्सल. भारतीय कार्ड मशीनवर अडलं तर काउंटरवर जाऊन कार्ड दाखवा, आणि खिशात तीस-चाळीस हजार वॉन रोख असू द्या. एक हजार वॉन म्हणजे साधारण साठ रुपये धरा.

‘अनलिमिटेड मांस’ अशा पाट्यांना भुलण्याआधी खालची बारीक अक्षरं पापागोने वाचा. वेळेची मर्यादा असते आणि ताटात उरलेल्या मांसाचा दंडही घेतात.

शाकाहारी आहात? मग हा भाग सावकाश वाचा

‘मांस नको’ एवढं सांगून कोरियात भागत नाही. ‘कोगी’ म्हणजे मांस हे खरं, पण सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी गोष्ट असते. स्वयंपाकीणबाई मांसाचे तुकडे मनापासून वगळतात. मात्र त्यांच्या हिशेबात हॅम, फिशकेक, खेकड्याच्या चवीच्या कांड्या आणि सुक्या माशांचं पाणी हे ‘कोगी’ नसतं. त्यात फसवणूक काहीच नाही, तुमचा प्रश्न अपुरा असतो.

अडचण मुख्यतः पाण्याची आहे. तोकबोक्कीचा लालभडक रस्सा, त्वेनजांग-छिगे (आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा), नूडल्सचं सूप हे सगळं बहुतेक ठिकाणी म्योल्छी नावाच्या सुक्या माशाच्या किंवा हाडांच्या उकळलेल्या पाण्यात शिजतं. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा सॉस असतो. म्हणून कडक शाकाहाऱ्यांनी रस्सा आणि किमची दोन्ही टाळावं. पथ्य ‘समोर तुकडा नको’ इतपतच असेल तर निवड बरीच मोठी होते. हा निर्णय घरातून निघतानाच घ्या, कारण टेबलावर तो भुकेने घेतला जातो.

त्यातल्या त्यात भरवशाचं काय?

- किमबाप: माझी पहिली शिफारस हीच. स्टीलच्या काउंटरवर ती डोळ्यांदेखत बनते. बाई समुद्री शेवाळाचा कागद पसरतात, त्यावर मूठभर भात थापतात आणि पुढ्यातल्या डब्यांतून एकेक पट्टी उचलून ओळीने मांडतात: पिवळा मुळा, गाजर, पालक, अंड्याची पट्टी, गुलाबी हॅम, लाल-पांढरी खेकडा-कांडी. गुंडाळून वर तिळाच्या तेलाचा ब्रश फिरवतात. इथे भाषेची गरजच नाही. नको त्या डब्याकडे बोट दाखवून ‘प्पेगो जुसेयो’ म्हणा, म्हणजे ‘हे वगळून द्या’. एका गुंडाळीचे चार हजार वॉनच्या आसपास पडतात.
- बिबिमबाप: ‘कोगी प्पेगो, केरान प्पेगो जुसेयो’, म्हणजे मांस आणि अंडं वगळून. इथला छुपा खड्डा म्हणजे वरची लाल चटणी. काही ठिकाणी ती बीफचा खिमा घालून परतलेली असते. चटणी वेगळ्या वाटीत मागा आणि आधी चमच्याने उलटसुलट करून बघा.
- कामजाजोन: किसलेल्या बटाट्याचं धिरडं. पाजोन (कांद्याच्या पातीचं धिरडं) मात्र बहुधा माकूळ-कोळंबी घालून करतात आणि किमचीजोनमध्ये किमची असतेच.
- कोंगुकसू: सोयाबीनच्या गार दुधातल्या नूडल्स, फक्त उन्हाळ्यात. चव अळणी वाटेल, मीठ वरून घाला. हे दूध बहुतेक ठिकाणी निव्वळ सोयाबीनचं असतं, माशाचं पाणी त्यात घालत नाहीत.
- होत्तोक आणि बुंगोप्पांग: थंडीतल्या गाड्यांवरचे गोड पदार्थ. बुंगोप्पांगचा आकार माशाचा असला तरी आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण असतं.

तळणीच्या गाड्यांवर रताळ्याचे काप आणि काचनूडल्सची शेवाळ-गुंडाळी शाकाहारी दिसते, पण त्याच तेलात माकूळ आणि कोळंबीही तळतात. आणि गाडीवर ‘सुंदे’ लिहिलेलं दिसलं तर ते आइस्क्रीम समजू नका. ती डुकराच्या रक्ताची आणि काचनूडल्सची भरलेली आतडी असते.

जैन वाचकांसाठी स्वतंत्र सांगतो. बाजारातल्या कोरियन स्वयंपाकात लसणाशिवाय पान हलत नाही, त्यामुळे विद्यार्थी गल्ल्यांत तुमचं जमणं कठीण. बौद्ध मठांच्या परंपरेतलं जेवण मात्र मांस, मासे आणि लसूण-कांद्याच्या कुळातल्या पाच तिखट भाज्यांशिवाय करतात. ते ‘साछाल उमशिक’ या नावाने शोधा. जोग्येसा मंदिराच्या परिसरात ते मिळतं, पण ते महाग असतं आणि आधी नोंदणी करून जावं.

बीफ किंवा पोर्क टाळायचं असेल तर

शब्द पाठच करा: ‘सोगोगी’ म्हणजे बीफ, ‘त्वेजीगोगी’ म्हणजे पोर्क, ‘ताकगोगी’ म्हणजे चिकन, ‘हेमुल’ म्हणजे समुद्री जीव. बुलगोगी बहुधा बीफची असते आणि साम्ग्योपसाल पोर्कचंच. बुदे-छिगेमध्ये सॉसेज आणि डब्यातलं डुकराचं मांस असतं. नेंगम्योन या गार नूडल्स दिसायला निरुपद्रवी, पण त्यांचं पाणी बऱ्याचदा बीफचं. ताकगाल्बी आणि छिम्दाक हे चिकनचे पदार्थ त्यातल्या त्यात सुरक्षित. हलाल हवं असेल तर होंगडेत शोधत बसू नका, इतेवॉनमधल्या मशिदीच्या आसपास जा.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. मांस कोणत्या देशातून आणलं, याची पाटी उपाहारगृहांना लावावी लागते आणि त्यात प्राण्याचं नावही येतं. भिंतीवरच्या त्या तक्त्यावर फोनचा कॅमेरा धरलात, की आत काय काय शिजतं ते कळतं. सीयू, जीएस२५ सारख्या चोवीस तास उघड्या दुकानांतल्या पाकिटांवर तर आणखी सोय आहे. अ‍ॅलर्जी होऊ शकणारे घटक छापणं बंधनकारक आहे, आणि कोरियाच्या त्या यादीत अंडं, दूध, कोळंबी यांच्याबरोबर बीफ, पोर्क आणि चिकनही येतात. घटकांच्या बारीक मजकुराजवळ एक वेगळी रंगीत चौकट असते. फक्त तेवढी चौकट वाचली तरी पुरे. झटपट राम्यनच्या मसाल्यात बीफ आहे का, हे तिथे लगेच समजतं.

टेबलावर बसल्यावर

चमचे आणि चॉपस्टिक टेबलाच्या कडेच्या खणात असतात. पाणी फुकट, बहुतेक ठिकाणी स्वतःच आणायचं. तोंडीलावण्याच्या वाट्या फुकट आणि पुन्हा मागता येतात, पण खाल तेवढंच मागा. वेटरला बोलवायला टेबलावरची घंटी दाबा, नसेल तर मोठ्याने ‘जोगियो’ म्हणा. हाक मारणं तिथे उद्धटपणाचं नाही आणि न बोलावता कोणी येणारही नाही. कोगीजिपमधल्या गोल स्टुलांची झाकणं उघडतात. कोट आणि बॅग आत टाका, नाहीतर धुराचा वास आठवडाभर जात नाही. बक्षिसी ठेवू नका. कोणी ‘सर्व्हिस’ म्हणून एखादी बशी ठेवली तर ती दुकानाची भेट आहे, तिचे पैसे लागत नाहीत.

पिण्याचं वय आणि ओळखपत्र

महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. कोरियात ज्या वर्षी तुम्हाला १९ पूर्ण होणार, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून दारू विकत घेता येते. म्हणजे २००७ साली जन्मलेल्यांना २०२६ च्या पहिल्या दिवसापासून परवानगी आहे, मग वाढदिवस डिसेंबरात का असेना. बारावीनंतर लगेच सोलला गेलेल्या मुलामुलींचं पहिलं वर्ष यामुळे बहुधा कायद्याबाहेर जातं. पालकांनी हे मुलांशी आधीच स्पष्ट बोलावं. अल्पवयीनाला दारू विकली तर दुकानाला टाळं लागू शकतं, म्हणून मालक कडक तपासणी करतात. मूळ पासपोर्ट किंवा तिथलं परदेशी नागरिक कार्ड लागतं. फोनमधला फोटो दाखवून काम होईल, असं गृहीत धरू नका.

किती प्यायलो, हे कसं मोजाल?

हिरव्या बाटलीतली सोजू ३६० मिलिलिटर असते आणि तिच्यात १६ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो. आपल्या हिशेबात सांगायचं तर एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे साडेचार स्मॉल. ग्लास इवलासा असतो, बाटलीत सात-साडेसात ग्लास भरतात आणि घोट गोडसर लागतो, त्यामुळे हा आकडा कोणाच्या लक्षात राहत नाही. पीच, द्राक्ष अशा चवींची सोजू सरबतासारखी लागते, पण तिच्यातही १२-१३ टक्के मद्यार्क असतो. पहिल्यांदा पिणारे सर्वांत जास्त इथेच घसरतात. माकगोली सहा टक्क्यांची, पण ७५० मिलिलिटरची बाटली दोघांनी संपवली तरी प्रत्येकी पावणेदोन स्मॉल होतात. सोजू बिअरमध्ये मिसळून ‘सोमेक’ करतात, ती सर्वांत लवकर चढते.

रिकाम्या पोटी पिऊ नका. पोछामध्ये दारूबरोबर ‘आन्जू’ म्हणजे खाण्याचा एखादा पदार्थ घेणं अपेक्षितच असतं, त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधताना तो धरा. सोजूची बाटली दुकानात दोन हजार वॉनच्या आतबाहेर, तर टेबलावर पाच हजारांच्या आसपास पडते.

रीत आणि नकार

मोठ्यांकडून ग्लास दोन्ही हातांनी घ्या, त्यांना ओततानाही दोन्ही हात लावा, आणि त्यांच्यासमोर पिताना मान किंचित बाजूला वळवा. स्वतःचा ग्लास स्वतः भरत नाहीत. एवढं पाळलंत तरी समोरच्याला मनापासून बरं वाटतं.

आता मुख्य प्रश्न. नको म्हणता येतं का? येतं, आणि पूर्वीपेक्षा आता ते सोपं झालं आहे. तरुण पिढीत न पिणारे खूप आहेत. मार्ग असे:

1. पहिला ग्लास भरण्याआधीच सांगा: ‘सुल मोत मास्योयो’, मी दारू पीत नाही. पहिला घेऊन दुसऱ्याला नाही म्हणणं जास्त अवघड.
2. ‘साइदा’ मागवा. नाव ऐकून दचकू नका, ते लिंबाच्या चवीचं बिनदारूचं सोड्याचं पेय आहे. तेच ग्लासात घेऊन ‘जान’ म्हणत सगळ्यांबरोबर टेकवा.
3. थोडं घेऊन थांबायचं असेल तर ग्लास रिकामा करू नका. अर्धा भरलेल्या ग्लासात वरून ओतण्याची तिथे रीत नाही.
4. आग्रह थांबतच नसेल तर ‘याक मोक्को इस्सोयो’, औषध चालू आहे. हे कारण कोणी मोडत नाही.

पहिलं दुकान झालं की दुसऱ्या, मग तिसऱ्या दुकानात जाण्याची पद्धत आहे. जेवण होईपर्यंत सोबत राहून नंतर निरोप घेणं शिष्टाचाराला धरून आहे. मुलींनी विशेष लक्षात ठेवावं: टेबलावर फोन ठेवून गेलात तर तो बहुधा परत मिळेल, पण सोडून गेलेला ग्लास पुन्हा उचलू नका.

बिल आणि तुमचे हक्क

२०१३ पासून कोरियात मेन्यूवर करासकट अंतिम किंमत लिहिणं सक्तीचं आहे. वर काही जोडलेलं दिसलं तर बोट ठेवून विचारा. कार्ड घ्यायला नकार देणं तिथल्या कायद्याला मान्य नाही. बिल बहुधा दाराजवळच्या काउंटरवर एकत्र भरतात आणि वाटणी नंतर आपसांत करतात. वयाने मोठा माणूस पैसे देत असेल तर वाद घालू नका, पुढची कॉफी तुम्ही पाजा. २०१५ पासून उपाहारगृहांत आत बसून सिगारेट ओढायला बंदी आहे.

रात्री परतताना

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते आणि पहाटे साडेपाचच्या दरम्यान सुरू होते. टॅक्सीचं किमान भाडं ४,८०० वॉन, पण रात्री ११ ते २ या वेळात ते ६,७०० होतं. रस्त्यात उभ्या गाडीशी घासाघीस करण्यापेक्षा काकाओ टी अ‍ॅपवरून मागवा. ‘एन’ अक्षराच्या रात्रीच्या बस स्वस्त पडतात.

एक ग्लास झाला असेल तरी भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरला हात लावू नका. रक्तात ०.०३ टक्के मद्यार्क ही तिथली मर्यादा आहे, स्कूटरलाही ती लागू होते आणि परवानाही लागतो. होंगडेच्या रेड रोडवर तर मे २०२५ पासून दुपारी १२ ते रात्री ११ या स्कूटर चालवायलाच बंदी आहे.

निघण्याआधी हे क्रमांक फोनमध्ये साठवा: पोलीस ११२, रुग्णवाहिका ११९, व्हिसा आणि परदेशी नागरिकांसाठी १३४५, आणि पर्यटकांसाठी १३३०. शेवटच्या क्रमांकावर इंग्रजी बोलणारं माणूस भेटतं. बिलाचा वाद झाला तर फोन दुकानदाराच्या हातात द्या, ते दुभाष्याचं काम करतात. दुकानाचं नाव, पत्ता आणि वेळ पावतीवर छापलेली असते, म्हणून घरी पोचेपर्यंत पावती फेकू नका.